थांबता थांबता ब्रेक सुटतो, दिवा मात्र लागत नाही: जुन्या सिल्व्हराडोच्या एबीएसचं दुखणं आणि फ्यूज काढण्याचा प्रश्न

सिग्नल जवळ आलाय, रस्ता कोरडा आहे, तुम्ही अगदी सावकाश ब्रेक दाबलाय. वेग ताशी 15 किलोमीटरच्या खाली येतो आणि पेडल पायाखाली थरथरायला लागतं. ड्रायव्हरच्या सीटखालून मोटरची घरघर ऐकू येते आणि ट्रक थांबायचं सोडून पुढे सरकत राहतो. पुढच्या गाडीच्या बंपरजवळ कसाबसा थांबतो. डॅशबोर्डवर एकही दिवा नाही. दुसऱ्या दिवशी सगळं ठीक, मग पुन्हा तेच.

1999 ते 2002 च्या शेवरोले सिल्व्हराडो 1500 आणि जीएमसी सिएरा 1500 या पिकअपची ही ठरलेली तक्रार आहे. अमेरिकेतल्या मिशिगन, ओहायो, पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क अशा भागांत, जिथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तिथे ती सर्वांत जास्त. त्या भागात राहणारे आपले काही लोक घरकामासाठी असा जुना पिकअप घेतात आणि पहिल्याच हिवाळ्यानंतर विचारतात, 'ब्रेक पॅड बदलले, डिस्क बदलल्या, तरी जात नाही, आता काय करू?' उत्तर बहुतेक वेळा एकच मिळतं: एबीएसचा (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) फ्यूज काढून टाक, विषय संपला. हा सल्ला अर्धाच बरोबर आहे आणि उरलेला अर्धा धोक्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी, असं होतं का ते. पुढच्या प्रत्येक चाकाच्या हबमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या बेअरिंगच्या भागात, चाकाचा वेग मोजणारा एक सेन्सर बसवलेला असतो. आत चुंबक आणि तारेची गुंडाळी, समोर फिरणारी दातेरी चकती. दात समोरून गेला की गुंडाळीत थोडा विद्युतदाब तयार होतो. सायकलचा डायनॅमो आठवा, पायडल हळू मारलं की दिवा मंद होतो. इथेही चाक हळू फिरलं की सिग्नल क्षीण होतो. हा सेन्सर हबवरच्या सपाट जागेवर एका बोल्टने आवळलेला असतो. मिठाचं पाणी त्या जागेत शिरतं, लोखंडाला गंज चढतो, गंज फुगतो आणि सेन्सरला खालून हळूहळू वर उचलतो. सेन्सर आणि दातेरी चकतीमधलं अंतर वाढतं. जोरात जाताना सिग्नल पुरेसा असतो, त्यामुळे एबीएस चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरला काहीच वावगं वाटत नाही. पण थांबताना, शेवटच्या काही मीटरमध्ये, त्या एका चाकाचा सिग्नल इतरांच्या आधी नाहीसा होतो. कंट्रोलरला दिसतं काय, तर बाकीची चाकं फिरतायत आणि एक अचानक शून्यावर. म्हणजे चाक जाम झालं! तो नेमून दिलेलं काम करतो, त्या चाकाचा ब्रेक सोडतो. चाक जाम झालेलंच नसतं, म्हणून तुम्हाला ब्रेक गेल्यासारखं वाटतं.

दिवा का लागत नाही, हेही यातूनच कळतं. कंट्रोलरच्या मते सेन्सर जिवंत आहे, तार शाबूत आहे, रस्ताच निसरडा आहे. दोष नोंदवायला त्याच्याकडे कारणच नसतं. त्यामुळे 'स्कॅन केला, कोड नाही, म्हणजे एबीएस ठीक आहे' हा निष्कर्ष इथे साफ चुकतो.

या गाड्या बनवणाऱ्या जनरल मोटर्सने 2005 मध्ये याच कारणासाठी रिकॉल काढला होता, म्हणजे गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या. मिठाच्या पट्ट्यातल्या 14 राज्यांतल्या सुमारे 8 लाख पिकअप आणि एसयूव्ही त्यात होत्या. सिल्व्हराडो, सिएराबरोबर टाहो, सबर्बन, युकॉन वगैरेही. उपाय साधा होता: सेन्सर काढा, बसायची जागा साफ करा, गंजरोधक लेप द्या, सिग्नल मोजा, कमी भरला तर सेन्सर बदला. तुमच्या ट्रकवर हे काम झालंय का, हे डीलरच्या सर्व्हिस काउंटरवर व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) देऊन विचारा. सरकारी संकेतस्थळावरचा व्हीआयएन शोध गेल्या 15 वर्षांतलेच रिकॉल दाखवतो, म्हणून तिथे काही दिसलं नाही तरी त्यावरून काही ठरवू नका. आणि काम झालेलं असलं तरी त्यानंतर या गाडीने कितीतरी हिवाळे काढलेत. गंज परत येतो.

दुखणं हेच आहे का, याची खात्री

पेडल थरथरतं म्हणजे एबीएसच, असं नाही. डिस्क वाकडी झाली असेल तरी पेडल थरथरतं. पण ती थरथर ताशी 80-100 च्या वेगावर जास्त जाणवते, वेग कमी होईल तशी मंदावते, बरोबर स्टिअरिंगही हलतं आणि सीटखालची घरघर नसते. आपल्या तक्रारीत नेमकं उलट: वेगात सगळं गुळगुळीत, शेवटच्या क्षणी गडबड, आणि मोटरचा आवाज. बर्फावर किंवा ओल्या पानांवर असं झालं तर ते एबीएसचं खरं काम आहे, तो दोष नाही. कोरड्या डांबरावर, हलक्या पायाने, पुन्हा पुन्हा होत असेल तरच पुढचं वाचा.

आता फ्यूज. निदानासाठी तो काढणं ही फार उपयोगाची चाचणी आहे आणि मी पहिल्यांदा तेच करायला सांगेन. इंजिन बंद करा, बॉनेटखालच्या फ्यूजच्या पेटीचं झाकण उघडा, झाकणाच्या आतल्या तक्त्यात एबीएसचा मोठा फ्यूज शोधा आणि काढा. गाडी चालू केल्यावर पिवळा एबीएसचा दिवा लागेल आणि लाल ब्रेकचाही लागेल. रिकामं पार्किंग गाठा, आजूबाजूला कोणी नाही हे बघा आणि ताशी 20-25 वरून हळूहळू थांबायचे प्रयोग करा. दहा वेळा थांबलात आणि दहाही वेळा ट्रक नीट थांबला, तर बाकीची ब्रेकयंत्रणा निरोगी आहे आणि एबीएस उगाच मधे पडतोय हे सिद्ध झालं. तरीही सरकत असेल तर दुखणं दुसरीकडे आहे. पॅड, कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना, मागचे ब्रेक, ब्रेक ऑइल, तिकडे बघा. चाचणी झाली की फ्यूज परत लावा.

फ्यूज काढून तसाच ठेवला तर?

'एबीएस नसलेल्या गाड्या आम्ही वर्षानुवर्षं चालवल्या' असं म्हणणाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही. पण त्या गाड्या एबीएस नाही हे धरूनच बनवल्या होत्या. त्यांच्या मागच्या ब्रेकच्या लाइनवर एक प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह असायचा. जोरात ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात, आणि हा व्हॉल्व्ह मागच्या चाकांचा दाब मर्यादेत ठेवायचा. या सिल्व्हराडोमध्ये ते काम एबीएसच्याच कंट्रोलरला दिलेलं आहे. तो मागचा दाब इलेक्ट्रॉनिक पद्धतीने सांभाळतो. फ्यूज काढलात की एबीएसबरोबर तेही गेलं. लाल दिवा लागतो तो याचसाठी, आणि त्या दिव्यावर काळी टेप चिकटवून फिरणाऱ्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं.

याचा अर्थ रस्त्यावर काय होतो? पिकअपचा हौदा रिकामा असताना मागचा भाग आधीच हलका असतो. ओल्या रस्त्यावर पुढचा ट्रक अचानक थांबला, तुम्ही सगळा जोर लावून ब्रेक मारला, आणि मागची चाकं पुढच्यांच्या आधी जाम झाली, की गाडीची शेपूट बाजूला निघते आणि गाडी गर्रकन फिरते. पुढची चाकं जाम झाली तर स्टिअरिंग ऐकत नाही, पण गाडी निदान सरळ तरी जाते. मागची आधी जाम होणं हा त्याहून वाईट प्रकार. म्हणून सुटा भाग येईपर्यंत नाइलाजाने फ्यूज काढून चालवायची वेळ आलीच, तर ती फक्त गॅरेजपर्यंत, कोरड्या रस्त्यावर, पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवून. घरातल्या दुसऱ्या कुणाला, विशेषतः नुकतंच लायसन्स मिळालेल्या मुलांना, ती चावी देऊ नका.

कोणतं चाक?

1500 च्या मॉडेलमध्ये मागच्या चाकांना वेगळे सेन्सर नसतात, मागचा वेग गिअरबॉक्सच्या बाजूच्या स्पीड सेन्सरवरून कळतो. म्हणजे संशयित दोनच, पुढचा डावा आणि पुढचा उजवा.

एबीएसचा डेटा वाचणारा स्कॅनर मिळाला तर काम पाच मिनिटांचं. इंजिनचेच कोड वाचणारं स्वस्त यंत्र इथे चालत नाही. शेजारी कुणाला तरी बसवा, दोन्ही चाकांचे वेग पडद्यावर ठेवा आणि गाडी हळूहळू थांबवा. एक आकडा 8, 6, 4 असा उतरतो आणि दुसरा 8 वरून थेट शून्यावर पडतो. पडणारा तो आपला.

स्कॅनर नसेल तर मल्टिमीटर पुरे. गाडी सपाट जागी, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, पुढचं चाक जॅकवर उचलून चॅसीखाली स्टँड. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात घालू नका. सेन्सरच्या वायरचा कनेक्टर सोडवा. आधी रेझिस्टन्स बघा, साधारण 1000 ओहमच्या आसपास असतो. मीटर अनंत दाखवत असेल तर आत तार तुटलीय. पण रेझिस्टन्स बरोबर आला म्हणून खूश होऊ नका. गुंडाळी शाबूत आहे एवढंच त्यातून कळतं, सेन्सर गंजाने वर उचलला गेलाय की नाही ते कळत नाही. खरी चाचणी पुढची: मीटर एसी व्होल्टवर ठेवा आणि चाक हाताने सेकंदाला साधारण एक फेरा या गतीने फिरवा. 350 मिलिव्होल्ट किंवा त्याहून जास्त यायला हवेत. एका बाजूला 600-700 आणि दुसऱ्या बाजूला 200 च्या आसपास दिसले, तर पुढे शोधायचं काही उरत नाही.

मीटर लावलेला असतानाच ती वायर जरा हलवून बघा. स्टिअरिंग वळवताना ही वायर दर वेळी वाकते, आणि वरचं आवरण धडधाकट असतानाही आतला तांब्याचा धागा तुटलेला असू शकतो. वायर हलवली की आकडा नाचत असेल तर हब बिचारा निर्दोष आहे, वायर बदला. जोड मारायचीच असेल तर दोन्ही तारांचा पीळ होता तसाच ठेवा. तो पीळ इतर वायरींचा विद्युत गोंधळ आत येऊ नये म्हणून असतो.

साफसफाई

चाक काढा. कॅलिपर सोडवून तारेने स्प्रिंगला किंवा चॅसीला टांगा, रबरी होजवर लोंबकळत ठेवू नका. डिस्क गंजाने हबला चिकटलेली असते. गंज सोडवणारं तेल मारून तासभर थांबलात तर हातोड्याचे घाव कमी लागतात.

मग सेन्सर. बोल्ट निघतो, सेन्सर निघत नाही, हे इथलं ठरलेलं. तो प्लॅस्टिकचा आहे, भोकात गंजाने आवळला गेलाय, आणि स्क्रू ड्रायव्हर घालून वर उपटायला गेलात तर वरचा भाग हातात येतो आणि खालचा आत राहतो. भोवती तेल मुरू द्या, मग दोन्ही बाजूंना अगदी थोडा थोडा फिरवत, हलवत सोडवा. इथे घालवलेली वीस मिनिटं नव्या हबचे पैसे वाचवतात.

सेन्सर निघाला की पहिलं काम, भोकात स्वच्छ फडक्याचा बोळा. गंजाचा चुरा आत पडला तर बेअरिंग खराब होईल. आता सेन्सर बसायची ती सपाट जागा बघा. तपकिरी, पापुद्रे सुटलेली, मधेच फुगलेली. नखाने खरवडली तरी खपल्या निघतात. ते सगळं वायर ब्रश आणि पॉलिश पेपरने चमकणारं लोखंड दिसेपर्यंत काढायचं. ग्राइंडर लावू नका, जागा खोल गेली तर सेन्सर दातेरी चकतीला घासेल. भोकाच्या आतली भिंतही पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून साफ करा. सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा भुगा चिकटलेला असतो, आत चुंबक आहे ना, तोही पुसा. साफ केलेल्या जागेवर जस्ताचा गंजरोधक लेप पातळ द्या, वाळू द्या, सेन्सरच्या कडेला जरासं ग्रीस लावा आणि बसवा. तो बोटाच्या दाबाने पूर्ण खाली टेकला पाहिजे. बोल्टने ओढून टेकवावा लागत असेल तर खाली अजून गंज आहे.

सगळं जोडायच्या आधी पुन्हा मोजा. आकडा 350 च्या वर गेला तर काम झालं. नसेल तर सेन्सर बदला. जागा खड्डे पडून खराब झाली असेल किंवा हातात धरून हलवल्यावर बेअरिंगच खडखडत असेल, तर सेन्सरसकट अख्खा हब बदलावा लागतो. हब घेताना अगदी स्वस्ताच्या मागे जाऊ नका. काही हबचे सेन्सर नवे असतानाच जेमतेम सिग्नल देतात आणि तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर येता. कुठलाही घ्या, बसवायच्या आधी टेबलावर फिरवून मिलिव्होल्ट मोजा.

एक चाक बिघडलं असेल तर दुसरंही त्याच वयाचं आहे, लगेच उरकून टाका. आणि गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पाच-सहा वेळा दाबा. कॅलिपरचे पिस्टन मागे गेलेले असतात, पहिला दाब पोकळ जातो.

दिवा लागत असेल तर गोष्ट वेगळी

एबीएसचा दिवा कायम लागलेला असेल तर कोड वाचून घ्या. सी 0221 आणि त्यालगतचे कोड पुढच्या उजव्या सेन्सरचे, सी 0225 आणि लगतचे डाव्याचे, सी 0235 मागच्या वेगाचा. यांचं बघायचं कसं ते वर आलंच. सी 0265 आला तर मात्र कंट्रोलरच्या आतल्या रिलेचं सर्किट. इथे घाईने नवा कंट्रोलर घेऊ नका. कंट्रोलर ड्रायव्हरच्या दाराखाली चॅसीच्या आतल्या बाजूला, एबीएसच्या पंपाला (ज्यातून ब्रेकच्या लाइन जातात त्या ठोकळ्याला) चिकटून बसलेला आहे, आणि त्याची अर्थची वायर तिथेच चॅसीला बोल्टने लावलेली आहे. म्हणजे मीठ थेट तिच्यावर उडतं. तो बोल्ट सोडवा, वायरचं टोक आणि चॅसीचा रंग खरवडून लोखंड दिसू द्या, टोक कुजलं असेल तर नवीन लावा, आवळा, वरून ग्रीस. यानेच दिवा गेल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

अर्थ पक्का असूनही कोड परत आला तर कंट्रोलर आतून गेलाय. तो दुरुस्तीला पाठवता येतो, आणि सोय अशी की पंपाच्या ठोकळ्यापासून तो स्क्रू काढून वेगळा होतो. ब्रेकची एकही लाइन उघडावी लागत नाही, एअर काढावी लागत नाही. तो परत येईपर्यंत उघडा पडलेला ठोकळा प्लॅस्टिकने नीट झाका आणि गाडी उभी ठेवा.

पंपाचा ठोकळाच काढून टाकून लाइन थेट जोडायचा प्रकारही काही जण करतात, कारण त्याच्या जवळच्या लोखंडी लाइन गंजून फुटलेल्या असतात आणि नट फिरवताच नळी पिळवटून तुटते. लाइन बदलायच्याच आहेत तर तांबे-निकेलच्या नळीने, दुहेरी फ्लेअर मारून (नळीचं टोक फुलवून दुहेरी दुमडून), ठोकळा आहे तसा ठेवून बदला. कॉम्प्रेशन फिटिंग, म्हणजे नळीवर कडं आवळून केलेला जोड, ब्रेकच्या दाबासाठी नसतं, ते नळाच्या पाइपांना ठेवा. ठोकळा काढला की मागचा दाब सांभाळणारं काहीच उरत नाही. मग मागच्या लाइनवर वेगळा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह बसवून, रिकाम्या आणि भरलेल्या अशा दोन्ही अवस्थांत तपासून जुळवावा लागतो. ते काम ब्रेकचा जाणकारच करू जाणे, आणि त्याला लागणाऱ्या पैशांत चांगला सेन्सर आणि दुरुस्त कंट्रोलर दोन्ही येतात.

याहून जुने ट्रक, म्हणजे 1987 नंतरची फोर्ड एफ-सीरीज किंवा 1988 नंतरचे शेवरोले, यांच्यातला सुरुवातीचा एबीएस फक्त मागच्या चाकांचा असतो. त्यांची तक्रारही वेगळी, पेडल हळूहळू खाली बसतं. तिथे मास्टर सिलिंडरबरोबरच एबीएसच्या व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकून आतल्या आत ऑइल सुटतंय का ते बघावं लागतं. वर सांगितलेली पुढच्या चाकांची चाचणी त्यांना लावू नका.

काम झाल्यावर शेवटची चाचणी त्याच रिकाम्या पार्किंगमध्ये, यावेळी फ्यूज लावलेला. हळू ब्रेकने वीसेक वेळा थांबा, सीटखाली शांतता हवी. मग ताशी 40 वरून एकदा पूर्ण जोराने, शक्य तर खडीवर किंवा ओल्या जागी. आता घरघर आणि थरथर यायलाच हवी, आणि गाडी सरळ थांबायला हवी. दोन्ही बाजूंचे मिलिव्होल्ट ग्लोव्ह बॉक्समधल्या वहीत तारखेसकट लिहून ठेवा. एप्रिलमध्ये मीठ धुतलं गेलं की पुन्हा मोजायचे आणि आकडा किती उतरला ते बघायचं.